दावणीचे प्रश्न : पहिल्या पिढीचं दूध तिसऱ्या पिढीत का टिकत नाही?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं संकराबद्दल आहेत. गाय कशानं भरवायची (गाभण करायची), बोकड कुठला आणायचा, मेंढीला शेळीचं पिल्लू होतं का, असे प्रश्न आहेत. पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात गेली. सिन्नरच्या मुक्त गोठ्यांपासून इगतपुरीच्या कुडाच्या गोठ्यांपर्यंत मी एकच गोष्ट सांगत आलो आहे : पहिला संकर सोपा असतो, पण त्या संकरित जनावराला पुढे कशानं भरवायचं, हे आधी ठरवलेलं नसेल तर तीन पिढ्यांत हाती काही राहत नाही. म्हणून या वेळचं सदर संकरालाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्या घरची गीर गाय होती. तिला एच.एफ.ची (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या वळूची) कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, भरली. जी कालवड झाली ती चौदा लिटर द्यायची. तिला परत एच.एफ. भरली, तिची कालवड सोळा लिटरपर्यंत गेली. तिचीही कालवड एच.एफ.चीच. आता ती दुसऱ्या वेताची आहे, पण अकराच्या वर जात नाही, उन्हाळ्यात धापा टाकते आणि तीनदा भरवूनही उलटली (गाभण राहिली नाही). खुराक तोच आहे. रक्त तर वाढलं, मग दूध का घटलं?
– एक दूध उत्पादक, वावी परिसर, ता. सिन्नर

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नातच तीन पिढ्यांची नोंद आहे, त्यामुळे उत्तर नेमकं देता येतं. पहिल्या कालवडीत ५० टक्के एच.एफ. रक्त होतं, दुसरीत ७५ आणि आता दावणीला आहे तिच्यात ८७.५. तुम्हाला वाटलं, रक्त चढलं म्हणजे दूध चढणार. पण पहिल्या कालवडीला दोन गोष्टी एकदम मिळाल्या होत्या. बापाकडून दुधाचा गुण आला, आणि दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की जो जोम येतो, तो वर मिळाला. शास्त्रात त्याला संकरजोम म्हणतात.

हा जोम येतो कुठून? प्रत्येक जनावरात जनुकं जोडीनं असतात, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. प्रत्येक जातीत काही कमजोर जनुकं लपलेली असतात, पण गीरमधली वेगळी आणि एच.एफ.मधली वेगळी. पहिल्या संकरात प्रत्येक जोडीत एक गीरचं आणि एक एच.एफ.चं जनुक येतं, त्यामुळे एकाची कमजोरी दुसरं झाकतं. हा जोम दुधापेक्षा जास्त दिसतो तो गाभण राहण्यात, वासरू जगण्यात आणि आजाराला टक्कर देण्यात. तिला परत एच.एफ. भरली की निम्म्याच जोड्या मिश्र राहतात, म्हणजे जोम निम्मा. आणखी एकदा भरली की पाव. तुमची आजची गाय त्या पाव हिश्श्यावर उभी आहे, आणि अंगानं जवळजवळ एच.एफ. झाली आहे.

एच.एफ. ही हॉलंडकडची, थंड हवेची गाय. पारा २५-२६ अंशांच्या पुढे गेला की ती आधी चारा कमी करते, मग दूध, आणि त्याच काळात माज मुका होतो (बाहेरून दिसत नाही) किंवा गर्भ टिकत नाही. वावीच्या मे महिन्यात तिचं काय होत असेल, ते तुम्ही दुपारी दोन वाजता गोठ्यात उभे राहून बघताच आहात : तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीला लागलेली, आणि ती बसतसुद्धा नाही, कारण बसलं की पोटाखालची हवा बंद होते. असं जनावर भरवून उलटलं तर दोष कांडीचा नसतो.

आपल्या देशात इतक्या वर्षांच्या संकर कार्यक्रमांतून निघालेला निष्कर्ष असा की, सामान्य शेतकऱ्याच्या गोठ्यात विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं तर गाय दूधही देते आणि टिकतेही. लष्कराच्या डेअरी फार्मवर साहिवालपासून तयार झालेली फ्रिजवाल ६२.५ टक्क्यांवर थांबवलेली आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ केली, तीत निम्मं एच.एफ., पाव जर्सी आणि पाव गीर. तिथे विदेशी रक्त ७५ टक्क्यांवर जातं, पण ते एकाच जातीचं नसून दोन जातींचं आहे आणि तिसरी गीर सोबत आहे. जोम टिकवायला तीन जाती का घेतल्या, हे आता तुमच्या लक्षात येईल.

तुमच्या गाईला आता एच.एफ. थांबवा. दोन वाटा आहेत. ५० टक्के रक्ताच्या, आईच्या दुधाची नोंद असलेल्या संकरित वळूची कांडी मिळाली तर पुढची कालवड ६८.७५ टक्क्यांवर येईल. नाहीतर गीर किंवा साहिवालची कांडी भरा, कालवड ४३.७५ टक्क्यांवर येईल, दूध कदाचित दोन लिटर कमी देईल, पण वेळेवर फळेल. मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा), बारमाही पाणी आणि फॉगरची (पाण्याचा बारीक फवारा) सोय असेल तर पहिली वाट, नसेल तर दुसरी. वर्षाला एक वासरू देणारी अकरा लिटरची गाय दीड वर्षानं विणाऱ्या सोळा लिटरच्या गाईपेक्षा परवडते. हिशोब लिटरवर करू नका, दोन वेतांमधल्या अंतरावर करा.

तोवर या गाईचे हाल कमी करा. खुराक आणि हिरवा चारा पहाटे आणि रात्री टाका, दुपारी नको. पत्र्यावर पाचट टाका, पाणी सावलीत ठेवा. आणि गोचिडांकडे बघा. गोचिडातून होणारा थायलेरियाचा ताप देशी गाय बऱ्याचदा अंगावर काढते, पण विदेशी रक्त चढलेलं जनावर त्यात चार-आठ दिवसांत जातं. चढा ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, सकाळची वाट बघू नका. संकरित वासरांसाठी या तापाची लस आहे, तिची चौकशी दवाखान्यात करा.

प्रश्न : आमच्याकडे डांगी गाई आहेत. दूध दोन-अडीच लिटर. पोरगा म्हणतो, सगळ्यांना एच.एफ. भरू. घरात रोज वाद आहे. तुम्ही सांगाल ते करू.
– एक भात शेतकरी, टाकेद परिसर, ता. इगतपुरी

उत्तर : बाबा, सगळ्यांना भरू नका. हे मी कळकळीनं सांगतो आहे.

पावसाळ्यात तुमच्या डांगीच्या पाठीवर हात फिरवा आणि तळवा बघा. तेलकट लागेल. तिच्या कातडीतून जो तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, घरंगळून जातं. तुमच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महिना महिना सूर्य दिसत नाही. त्या पावसात ती डोंगराला चरते, तिचे काळे टणक खूर चिखलात कुजत नाहीत, बैल दिवसभर चिखलणी ओढतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अकोले आणि पलीकडचा डांग, एवढ्याच पट्ट्यात ही जात घडली. महादेव कोळी, कानडी, ठाकर यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ती ठेवली. पारा, बहाळा, मणेरी अशी रंगावरून नावं तुमच्याच आजोबांच्या तोंडची. घोटीच्या आणि राजूरच्या प्रदर्शनात चांगल्या डांगी वळूभोवती माणसं कशी जमतात, ते तुम्ही बघितलंच असेल.

तुमच्या लहान चणीच्या पहिलटकर डांगीला थेट एच.एफ. भरली तर वासरू मोठं होऊन गाय अडण्याची भीती आहे. वाडीवर रस्ता नाही, डॉक्टर यायला रात्र होते. तेव्हा गाय आणि वासरू दोन्ही जातात. आणि जी संकरित कालवड जगेल तिला कोरडी जमीन लागेल, खुरांची निगा लागेल, विकतचा खुराक लागेल. तुमच्या गोठ्यात जुलैमध्ये कोरडी जागा किती असते, हे तुम्हीच मुलाला दाखवा.

पण मुलाचंही खोटं नाही. दोन लिटरवर घर चालत नाही. म्हणून माझा सल्ला असा : कळपातल्या सगळ्यात चांगल्या गाई, ज्यांच्या आयांना दूध जास्त होतं त्या, डांगीलाच भरवा, आणि तेही गावात फिरणाऱ्या कुठल्याही खोंडाला नाही, निवडलेल्या वळूला. डांगीच्या गोठवलेल्या कांड्याही तयार होतात; तुमच्या दवाखान्यात मागणी नोंदवा, मागणी झाली की पुरवठा होतो. उरलेल्यांपैकी एक-दोन मोठ्या चणीच्या, एकदा तरी व्यालेल्या गाईंना जर्सी भरा. जर्सीचं वासरू लहान असतं, दुधाला फॅट असतं, आणि उष्णता ती एच.एफ.पेक्षा बरी सोसते. त्या कालवडी वेगळ्या, कोरड्या जागी वाढवा. मुलाला त्यांचा हिशोब ठेवू द्या. चार वर्षांत घरातला वाद वहीच्या आकड्यांवर मिटेल.

आणखी एक. तुमचा घरचा वळू किती वर्षांचा आहे, ते लिहिलेलं नाही. तीन वर्षांत त्याच्याच मुली माजावर येतात. त्याआधी तो बदला, दुसऱ्या वाडीशी अदलाबदल करा. बाप-लेकीचा संबंध झाला की मघाशी सांगितलेल्या जोमाच्या बरोबर उलटं होतं, कमजोर जनुकं जोडीनं एकत्र येतात आणि खुजी, मरतुकडी वासरं होतात. ‘डांगी आता पूर्वीसारखी राहिली नाही’ असं लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळ ठिकाणी कारण हे असतं. आणि डांगीच उरली नाही तर उद्या संकर करायचा कशाशी? संकराला दोन्ही बाजू शुद्ध लागतात.

प्रश्न : निफाडला आमच्या म्हशी आहेत. गाईसारखा म्हशीचा विदेशी संकर का होत नाही?

उत्तर : दुधाळ म्हशींच्या जगातल्या उत्तम जाती आपल्याच देशात आहेत, बाहेरून आणायचं कारण नाही. गावठी म्हशीला दर पिढीला, नोंद असलेल्या मुऱ्हा या दुधाळ जातीच्या रेड्याची कांडी भरत जा. इथे रक्त चढवण्याची भीती नाही, कारण मुऱ्हा आपल्याच हवेची आहे. गुजरातची मेहसाणा म्हैस मुऱ्हा आणि सुरती यांच्या मेळातून आली असं मानतात. आणि कुणी गाय-म्हशीच्या संकराचं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ते होत नाही.

प्रश्न : माझ्या मेंढ्यांच्या वाड्यात शेळ्याही असतात. यंदा एका मेंढीला केसाळ, शेळीसारखं कोकरू झालं. लोक म्हणतात बोकडाचं आहे. खरं असेल का? आणि मेंढीला जुळी होण्यासाठी काय करावं?
– एक मेंढपाळ, ता. नांदगाव

उत्तर : बोकडाचं नसणार. मेंढीत ५४ गुणसूत्रं (पेशीतले, जनुकं वाहून नेणारे धागे), शेळीत ६०. असा गर्भ कधी राहिला तरी बहुतेक वेळा पोटातच मरतो. जिवंत पिल्लू जगात फार क्वचित नोंदलं गेलं आहे. कोकराची शेपटी बघा. मेंढीची खाली लोंबते, शेळीची वर उभी असते. मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली बोट लावा. मेंढीला तिथे छोटी खाच असते, शेळीला नसते. दोन्ही खुणा मेंढीच्या निघाल्या तर कुणाच्या तरी लोकर कमी असलेल्या जातीच्या मेंढ्याचं ते पोर आहे, एवढंच.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या दख्खनी मेंढीला जुळं क्वचित होतं. बंगालच्या सुंदरबनात गरोळे नावाची अगदी लहान मेंढी आहे, तिला सर्रास जुळी-तिळी होतात, आणि हे बरंचसं एकाच जनुकामुळे घडतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते जनुक दख्खनीत आणलं. गरोळे लहान आणि कमी दुधाची, म्हणून तिच्याशी एकदा संकर करून पुढच्या पिढ्या परत परत दख्खनीकडे वळवल्या आणि दर पिढीला रक्त तपासून ते जनुक असलेलीच जनावरं ठेवली. अंगकाठी दख्खनीची राहिली, जुळ्यांचा गुण आला. तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. संकर करायचा तर असा, काय हवं ते आधी ठरवून आणि बाकीचं परत आपल्या जातीकडे आणून. पण एक लक्षात ठेवा : जुळं झालं की मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर वरचा खुराक द्यावाच लागतो. नुसत्या फिरतीच्या चराईवर दोन कोकरं एका मेंढीवर जगत नाहीत. खुराकाची तयारी असेल तरच असा मेंढा आणा.

प्रश्न : चांदवडला माझ्या पंधरा उस्मानाबादी शेळ्या आहेत. एकजण ‘प्युअर बोअर’ म्हणून बोकड मोठ्या किमतीला देतोय. घेऊ का?

उत्तर : कागद मागा. आई-बापाची नोंद नसेल तर लाल डोकं आणि पांढरं अंग बघून पैसे देऊ नका. बोअरच्या पहिल्या संकरातच तो रंग पुष्कळदा उतरतो, आणि असे अर्ध्या रक्ताचे बोकड बाजारात ‘प्युअर’ म्हणून फिरतात. बोअर दक्षिण आफ्रिकेची, मांसासाठी घडवलेली जात. उस्मानाबादीशी संकर केला तर करडांचं वजन पहिल्या पिढीत चांगलं वाढतं.

माझी अट एकच. बोअरची सगळी नर करडं कापायला विका, एकही पैदाशीला ठेवू नका. कळपातल्या निम्म्या शेळ्या उस्मानाबादी बोकडालाच ठेवा, कारण जुळं देणं, दुष्काळात तगणं आणि पाल्यावर पोट भरणं हे तिचे गुण आहेत. नंतरच्या पाटी (तरुण शेळ्या) तिथूनच येतील. लहान, पहिलटकर शेळीवर बोअर घालू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या घराजवळ तोफखान्याचे लोक राहतात. एका काकांनी सांगितलं की डोंगरातल्या तोफा पूर्वी खेचरं वाहायची. खेचराला पिल्लू का होत नाही?
– एक विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : बाळा, काकांनी बरोबर सांगितलं. सुट्या केलेल्या तोफा खेचरांच्या पाठीवरून डोंगरात नेत असत, आणि आजही जिथे गाडी जात नाही तिथे सैन्याचं सामान खेचरं नेतात. आई घोडी आणि बाप गाढव असला की खेचर होतं. घोड्याचा उंचपणा आणि गाढवाचा काटकपणा, खूर आणि कमी चाऱ्यात भागवणं त्याच्यात येतं.

घोड्यात ६४ गुणसूत्रं, गाढवात ६२. पिल्लाला निम्मी निम्मी मिळतात, ३२ आणि ३१, म्हणून खेचरात ६३. त्याचं शरीर त्यावर उत्तम चालतं. अडचण येते ती बीज तयार होताना, कारण तेव्हा गुणसूत्रांना आपापला जोडीदार शोधून शेजारी उभं राहावं लागतं. इथे जोडीच जमत नाही. मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या अगदी मोजक्या नोंदी आहेत, नर मात्र वांझच.

आता तुझ्या मॅडमना विचारण्यासारखी एक गोष्ट सांगतो. लडाखमध्ये याक आणि गाईचा संकर करतात. याकमध्ये ६० गुणसूत्रं आणि गाईतही ६०, तरी त्यांचा नर संकर वांझ असतो आणि मादी मात्र वेतं देते. उलट नदीकाठच्या आपल्या म्हशीत ५० आणि आसामकडच्या दलदली म्हशीत ४८ गुणसूत्रं, तरी त्यांचा संकर फळतो. म्हणजे नुसत्या आकड्यावर सगळं ठरत नाही. संकरात एकच लिंग वांझ निघालं तर ते बहुधा ज्याची दोन लिंगसूत्रं (नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं) वेगवेगळी असतात तेच असतं, सस्तन प्राण्यांत नर. हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हा मोठा शास्त्रज्ञ १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला इथेच वारला. तू मोठी होऊन यातलं काही शोधलंस तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : पिंपळगावला आमच्या गावरान कोंबड्यांवर कडकनाथ कोंबडा सोडला. तलंगा (तरुण कोंबड्या) काळ्या निघाल्या, कोंबडे फिके. असं का?

उत्तर : तुमचं निरीक्षण पक्कं आहे. काळेपणाचं मुख्य जनुक वरचढ असतं, पण तो काळेपणा दाबणारं दुसरं एक जनुक लिंगसूत्रावर असतं आणि पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीत ते असतं. पक्ष्यांत आई ते फक्त मुलांना देते, मुलींना नाही. म्हणून कोंबडे फिके आणि तलंगा काळ्या. या काळ्या तलंगा कडकनाथ नाहीत, हे गिऱ्हाइकाला सांगून विका. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथल्या आदिवासी कुटुंबांचा त्या नावावर हक्क आहे.

प्रश्न : गोठा मीच बघते. कांडी भरायला येणाऱ्यांना काय विचारावं, हे कळत नाही. विचारलं तर राग येईल का?
– एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर : ताई, राग आला तरी विचारा. गाय तुमची आहे.

कांडी नायट्रोजनच्या टाकीतून उणे १९६ अंशांतून बाहेर येते. ती बारीक नळी असते, आणि तिच्यावर वळूचा नंबर, जात आणि तारीख छापलेली असते. भरण्याआधी ती हातात घेऊ नका, पण नंबर वाचून दाखवायला सांगा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. मग बघा, कांडी कोमट पाण्यात, ३७ अंशांच्या आसपास, साधारण अर्धा मिनिट धरली जाते का. नुसती हाताच्या मुठीत चोळली किंवा खिशात ठेवली तर त्यातले शुक्राणू मरतात आणि ‘गाय उलटली’ म्हणून दोष गाईवर येतो.

वेळेचं गणित असं : माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाय दुसरीला अंगावर चढू देते आणि जागची हलत नाही, तो खरा माज. नुसती हंबरते म्हणून लगेच फोन करू नका. मादी वासराची खात्री देणाऱ्या कांड्या आता मिळतात, साधारण ९० टक्के कालवडीच होतात, पण गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. त्या निरोगी कालवडींना किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईंना वापरा, उलटणाऱ्या गाईला नको.

आणि एक वही घाला. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, भरवल्याची तारीख, वळूचा नंबर आणि जात, एवढे चार रकाने. पुढची कालवड भरवताना त्याच वळूचा नंबर परत आला तर कांडी परत करा, दुसरी मागा. कालवड विकायची वेळ आली तर त्या पानाची झेरॉक्स घेणाऱ्याला द्या आणि चार पैसे जास्त मागा.